बालहत्या प्रतिबंधक गृहे : पुणे, पंढरपूर आणि नंतर

लग्नाच्या बाहेर दिवस राहिलेल्या स्त्रीपुढे एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात तीनच वाटा असत. वैदू किंवा सुईण गाठून गर्भ पाडायचा, परसदारी गुपचूप बाळंत होऊन मूल नाहीसे करायचे, नाहीतर पोट दिसू लागण्यापूर्वी गाव सोडायचे. गाव सोडणे त्यातल्या त्यात बरे, पण निघालेल्या बाईने जायचे कुठे, हा प्रश्न उरत असे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा अशा स्त्रियांना पोहोचता येईल असे एक ठिकाण पहिल्यांदा तयार झाले. बारा वर्षांनी पंढरपुरात तसेच दुसरे गृह निघाले. या संस्थांचा इतिहास पाहताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. नावात बालहत्या असली, तरी दारात उभी राहायची ती आई होती. आईला वाचवायचे की मुलाला, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संस्थेने वेगळे दिले.

या स्त्रियांमध्ये विधवांची संख्या मोठी होती. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, न्हाण येण्याच्या आधी किंवा थोड्याच दिवसांत नवऱ्याचा मृत्यू, मग केशवपन आणि आलवण, हा ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांतला रिवाज होता. कुणबी, माळी, धनगर अशा बहुतेक जातींत विधवेला पाट लावता येई. पेशवाईत सरकार या पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टीही वसूल करत असे. म्हणजे पुनर्विवाह महाराष्ट्राला परका नव्हता. तो ज्या घरांत निषिद्ध होता, त्या घरांत पंधरा-वीस वर्षांची सोवळी मुलगी दीर, चुलत सासरा, पुराणिक, घरमालक अशा पुरुषांच्या आधाराने आणि धाकात दिवस काढत होती. तिला दिवस गेले तर त्यामागे कधी ओढ असे, कधी फसवणूक, कधी उघड जबरदस्ती. गावाच्या लेखी तिन्ही सारखेच.

पेशवाईत अशा स्त्रीची शिक्षा सरकार आणि जात मिळून ठरवत. शिंदळकीचा आरोप शाबीत झालेल्या कित्येक स्त्रियांना सरकारने बटीक करून कोठीत, किल्ल्यावर किंवा कारखान्यात कामाला लावल्याच्या नोंदी अठराव्या शतकाच्या दप्तरांत आहेत. त्यांना विकलेही जाई आणि त्यांच्या पोटी झालेली मुले धन्याच्या मालकीची ठरत. वरच्या जातींत घटस्फोटाचा विधी होता. त्यात मातीची घागर फोडून त्या व्यक्तीला जिवंतपणी मेलेली मानले जाई. तिचे सूतक संपले की घराला ती परकी. पुरुषाला बहुधा प्रायश्चित्त आणि दंड यांवर सुटता येत होते. हा फरक पुढच्या शतकातही फारसा बदलला नाही, फक्त शिक्षा देणारा बदलला.

१८६० साली झालेला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेला भारतीय दंडसंहितेचा कायदा या विषयात काटेकोर होता. कलम ३१२ प्रमाणे गर्भपात करवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्याच कलमात गुन्हेगार. मूल उघड्यावर टाकले तर कलम ३१७, मेलेल्या अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावली तर कलम ३१८, जिवंत अर्भक मारले तर ३०२ खाली फाशी किंवा जन्मभर काळे पाणी. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध झाला होता, पण पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई, आणि ज्या समाजात तिचे लग्न लावायला कोणी पुढे येत नव्हते तिथे हा कायदा बराच काळ कागदावर राहिला. थोडक्यात, गरोदर विधवेने लग्न करावे म्हटले तर जात आड येत होती आणि गर्भ किंवा मूल नाहीसे करावे तर सरकार. कोर्टाच्या पिंजऱ्यात ती एकटी उभी राहायची. ज्याच्यापासून दिवस गेले त्या पुरुषाचे नाव फिर्यादीत येण्याचे कारणच नव्हते, कारण त्याने कायद्याच्या भाषेत काही केलेले नसायचे.

पुण्यातल्या गृहामागे असाच एक खटला होता. फुल्यांनी तो ४ डिसेंबर १८८४ च्या इंग्रजी टिपणात सांगितला आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवर मते मागवली होती, त्यांना उत्तर म्हणून हे टिपण लिहिले गेले. फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. गरीब, पण चांगल्या घरातली. एका शास्त्र्याने तिला नादी लावले. दिवस राहिल्यावर गर्भ पाडण्याचे उपाय झाले, ते फसले. मुलगा झाला. लोकलाजेच्या भीतीने तिने त्याला मारून विहिरीत टाकले. प्रेत सापडले, खटला उभा राहिला आणि तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानला पाठवण्यात आले. फुल्यांनी या हकिगतीत काशीबाईला निर्दोष म्हटलेले नाही. त्यांचा रोख तिला त्या विहिरीपर्यंत नेणाऱ्या रूढीवर आहे, आणि लगेच पुढे ते लिहितात की या प्रकारानंतर आपल्याच आवारात गृह काढणे त्यांना भाग पडले.

गृहाची जाहिरात छापील होती. ब्राह्मण वस्तीच्या आळ्यांमधल्या भिंतींवर ती चिकटवण्यात आली. गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल सोबत न्यायचे की इथेच ठेवायचे ते आईने ठरवावे, असा तिचा आशय होता. ज्या काळात विधवेच्या पोटाकडे बोट दाखवणेही कुजबुजीत चाले, त्या काळात हे वाक्य रस्त्यावरच्या भिंतीवर लावायला धाडस लागत होते. शिवाय ते लावणारे घर माळ्याचे आणि येणारी बाई ब्राह्मणाची. त्या घरचे पाणीही एरवी तिला चालले नसते. बाळंतपण सावित्रीबाई करत. या कामाला संस्थेपेक्षा घराचेच रूप होते. राहते घर, एक नवरा-बायको आणि आल्या बाईची चौकशी न करण्याचा नियम.

सुरुवातीपासून १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या, असे त्या टिपणात आहे. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली, ३० दगावली. कारणही फुल्यांनी दिले आहे. गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भाला इजा झाली होती. या आकड्यांवरून घाईने पुढे जाऊ नये. एकवीस-बावीस वर्षांत पस्तीस म्हणजे वर्षाला दीड-दोन बायका. पुण्याच्या मानाने हे थोडेच, पण आलेल्या बहुतेकींनी आधी दुसरे उपाय करून पाहिले होते आणि ते फसल्यावरच त्या इथवर पोहोचल्या होत्या, हे त्या तीस मृत्यूंतून कळते. त्या काळातल्या न्यायवैद्यक ग्रंथांत गर्भ पाडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लाल चित्रक, कण्हेर अशा जहरी वनस्पतींची वर्णने आहेत. त्यांनी आईचाही जीव जाई. जी मेली तिची नोंद गृहात होण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून या गृहाचे यश जगलेल्या पाच मुलांत मोजणे बरोबर नाही. पस्तीस आया फासावर किंवा अंदमानात गेल्या नाहीत, हे त्याचे खरे फळ होते.

दार फक्त विधवांसाठी होते असेही नाही, हे सावित्रीबाईंच्या एका पत्रातून दिसते. २९ ऑगस्ट १८६८ चे हे पत्र त्यांनी माहेरून, साताऱ्याकडच्या नायगावहून जोतीरावांना लिहिले आहे. गणेश नावाचा तरुण ब्राह्मण पंचांग घेऊन गावोगाव फिरत असे आणि भविष्य सांगून पोट भरत असे. त्या फिरतीत महार समाजातल्या सारजा नावाच्या कोवळ्या मुलीशी त्याची ओळख झाली, ओळखीची मैत्री झाली, आणि ती सहा महिन्यांची गरोदर असताना गावाला कळले. लोकांनी दोघांना पकडले, गावातून वाजतगाजत मिरवत नेले आणि मारून टाकण्याचा बेत केला. सावित्रीबाई धावत तिथे पोहोचल्या. इंग्रजी अमलात खुनाचा परिणाम काय होतो हे त्यांनी जमावाला सांगितले. जमाव मागे हटला, पण दोघांनी गाव सोडावे या अटीवर. दोघांनीही ते मान्य केले, आणि सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवले.

या पत्रात बरेच काही एकवटले आहे. इथे स्त्री विधवा नाही, पुरुष पळून गेलेला नाही, आणि राग अनैतिकतेपेक्षा जात मोडल्याचा आहे. ज्या कायद्याने काशीबाईला अंदमानला पाठवले, त्याच कायद्याचा धाक दाखवून सावित्रीबाईंनी दोन जीव वाचवले. त्यांनी जमावाशी धर्माचा वाद घातला नाही. फाशीची भीती घातली, कारण त्या घडीला तेवढेच चालणार होते. आणि गावाबाहेर काढलेल्या त्या दोघांना पाठवायला त्यांच्याजवळ पत्ता होता. गृहाला तेव्हा पाच वर्षे झाली होती.

गृहात जन्मलेल्या मुलांपैकी सर्वांत ज्ञात म्हणजे यशवंत. त्याच्या आईचे नावही काशीबाई होते. नामसाधर्म्यामुळे अंदमानला गेलेली काशीबाई आणि ही, अशा दोघींची गल्लत पुष्कळदा होते. ही दुसरी काशीबाई १८७४ साली आली आणि तिला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी आपली मिळकत त्याच्या नावे केली आणि बाळंतपण सावित्रीबाईंनी केल्याचे त्यात नमूद केले. जन्माची हकिगत लपवायची नाही, उलट सरकारी कागदावर लिहून ठेवायची, असा तो निर्णय होता. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा तो त्याच कामात त्यांच्यासोबत होता.

पंढरपूरची गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत कोण कुठून आले हे विचारणारा कोणी नसे. घरातली विधवा गरोदर आहे असे लक्षात आले की तिला यात्रेच्या निमित्ताने काशी, नाशिक किंवा पंढरपूरला पाठवण्याची रीत होती. बाळंत होऊन ती एकटी परते, नाहीतर परतच नसे. चंद्रभागेच्या वाळवंटात आणि धर्मशाळांच्या आसपास टाकून दिलेली अर्भके सापडत. त्या वेळी तिथे न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकाराने १८७५ साली अर्भकालय आणि अनाथाश्रम सुरू झाला. लालशंकर गुजराती, प्रार्थना समाजाच्या विचारांचे. पुढे अहमदाबादेत महिपतराम रूपराम यांच्या नावाच्या अनाथाश्रमाच्या उभारणीतही त्यांचा हात होता. पंढरपूरच्या संस्थेची व्यवस्था मुंबईच्या प्रार्थना समाजाकडे गेली आणि आज ती वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखली जाते. सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांतच १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला, आणि टाकलेल्या मुलांबरोबर उपाशी, पोरकी मुलेही येऊ लागली.

दुष्काळाने संस्थेचे स्वरूपही वळवले. पुण्याचे गृह आईला समोर ठेवून निघाले होते. पंढरपुरात बाळंतपणाची सोय होती, पण भर पोरक्या मुलाला वाढवण्यावर राहिला. देणगीदारांनाही ते सोपे जात होते. अनाथ मुलासाठी पैसे देणाऱ्याला त्याच्या आईच्या वर्तनाबद्दल मत द्यावे लागत नव्हते. संस्था टिकली, वाढली, दीडशे वर्षांकडे पोहोचली, यात या भराचा मोठा वाटा आहे. फुल्यांचे गृह मात्र त्या दोघांच्या हयातीपुरतेच राहिले.

दरम्यान १८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेचा खटला गाजला. काशीबाईसारखीच कथा : गुप्त बाळंतपण, मारलेले अर्भक, फाशीची शिक्षा. मुंबई उच्च न्यायालयात अपील होऊन फाशीऐवजी काळे पाणी झाले, आणि नंतर सरकारने तीही शिक्षा कमी केली. वर्तमानपत्रांत चर्चा पेटली. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ने या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर लिहिले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी उत्तर दिले. १८८२ साली पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तिकेच्या ५०० प्रती निघाल्या. दंडसंहितेला जो पुरुष दिसत नव्हता त्याला ताराबाईंनी नेमके पुढे ओढून आणले. एकाच कृत्याची शिक्षा एकीला फाशी आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे कसे, असा त्यांचा सवाल होता. सुधारकांनीही या पुस्तिकेकडे पाठ फिरवली. जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’च्या अंकात तिची बाजू घेतली. इतक्या धारदार लेखिकेने त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही, ही मराठी वाङ्मयाची मोठी हानी आहे.

पुढच्या पिढीत विधवांसाठी निघालेल्या संस्था मोठ्या आणि व्यवस्थित होत्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि तो पुढे हिंगण्याला नेला. दोघांचाही मुख्य उद्देश शिक्षणाचा होता. विधवा शिकली, स्वतःच्या पायावर उभी राहिली तर तिच्यावर काशीबाईची वेळ येणार नाही, हा विचार रास्तच होता. पण त्यासाठी आश्रमाचे नाव निष्कलंक ठेवणे अपरिहार्य झाले. कर्व्यांनी स्वतः १८९३ साली विधवेशी लग्न केले होते, तरी आश्रमाला त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने दूर ठेवले, कारण नाहीतर कोणी मुली पाठवल्या नसत्या. अशा ठिकाणी पोटुशी आलेली मुलगी बसत नव्हती. रमाबाईंना केडगावला मुक्ती सदन उभारल्यावर हे ध्यानात आले आणि १८९९ मध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग सुरू केला. दुष्काळात रस्त्यावर आलेल्या, फसवल्या गेलेल्या तरुण मुली तिथे ठेवल्या जात. ख्रिस्ती संस्था म्हणून तिच्यावर पुण्यात पुष्कळ टीका झाली. त्या टीकाकारांनी मात्र कृपा सदनाच्या जोडीला उभे राहील असे काही पुण्यात काढले नाही.

विसाव्या शतकात लग्नाचे वय वाढले, मुली शाळा-कॉलेजात गेल्या, मुंबईत नोकरीला लागल्या, आणि या संस्थांच्या दारात विधवेच्या जागी अविवाहित मुलगी दिसू लागली. अहवालांत आणि वर्तमानपत्रांत ‘कुमारी माता’ हा शब्दप्रयोग रुळला. मुंबईत श्रद्धानंद महिलाश्रमासारख्या संस्था अशा मुलींना बाळंतपणापर्यंत ठेवून घेऊ लागल्या आणि मुले दत्तक देण्याचे काम त्यांना जोडले गेले. धोंडो केशवांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे प्रश्नाच्या मुळाशी गेले. नको असलेले गरोदरपण येऊच नये, म्हणून त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. या कामापायी प्राध्यापकी गेली आणि अश्लीलतेचे खटले अंगावर आले. पित्याच्या आश्रमाला ज्या विषयापासून लांब राहावे लागले, तोच विषय पुत्राने आयुष्यभर लावून धरला.

गर्भपाताच्या कायद्याचा बदलही बऱ्याच अंशी महाराष्ट्रातून सुरू झाला. केंद्राने १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीने डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला. चोरून केलेल्या गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रिया हा तिच्या विचाराचा गाभा होता. पुढच्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले. त्यात अविवाहित, गरोदर शिक्षिकेवर सहकारी नाटकातला म्हणून जो खटला चालवतात त्याचा आरोपच भ्रूणहत्येचा असतो, आणि तिच्या गर्भाला जबाबदार असलेला पुरुष शेवटपर्यंत मंचावर येत नाही. ताराबाईंनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न पंच्याऐंशी वर्षांनी प्रेक्षकांपुढे तसाच उभा राहिला.

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २० आठवड्यांपर्यंत ठरावीक कारणांसाठी नोंदणीकृत डॉक्टरला गर्भपात करता येऊ लागला. संततिनियमनाचे साधन फसल्याचे कारण मात्र विवाहित स्त्री आणि तिचा नवरा यांच्यापुरतेच लिहिले होते. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार असे शब्द आले, काही गटांसाठी मुदत २४ आठवडे झाली, आणि गर्भपात करवणाऱ्या स्त्रीचे नाव उघड करण्याला शिक्षा ठरली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला या मुदतीतून वगळता येणार नाही असे सांगितले.

मूल जन्माला घालून न वाढवता येणाऱ्या आईसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मार्ग आहे. तिने बालकल्याण समितीपुढे मूल सुपूर्द करायचे, फेरविचाराला तिला ६० दिवस मिळतात, आणि त्यानंतरच ते दत्तकासाठी मोकळे होते. अठरा वर्षांखालच्या मुलीची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तिचे गरोदरपण डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग ते मैत्रीतून आले असले तरी. २०२२ च्याच निकालाने डॉक्टरला हे कळवताना तिने आणि पालकाने तशी विनंती केल्यास तिचे नाव न देण्याची मुभा दिली. घरातूनच पळून आलेल्या मुलीला मात्र ज्या पालकाची संमती लागते, त्याच्याच भीतीने तिने घर सोडलेले असते. अशी मुलगी सापडल्यापासून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावी लागते, आणि तिला कुठे ठेवायचे याचा आदेश समिती देते.